काळ्या डब्याला दहापैकी दहा

४ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ९.४०

आजपासून रोजनिशी. कारण तसं मोठं आहे. गॅरेजसाठी नवीन हत्यारं घ्यायची आहेत. तीन कंपन्यांनी नमुन्याचे सेट पाठवलेत : लाल डबा, निळा डबा, काळा डबा. कोणता घ्यायचा हे ठरवायचं काम मेहुण्यांनी माझ्यावर सोपवलं. गॅरेज त्यांचं, म्हणजे हिच्या मोठ्या भावाचं. मी आठ महिन्यांपासून इथे स्टोअर सांभाळतो. त्याआधी बारा वर्षं कागदाच्या दुकानात होतो. दुकान बंद पडलं, त्यात माझा दोष नव्हता.

हत्यारांमधलं मला कळत नाही असं काही जणांना वाटतं. पण ज्याला कागदाचा दर्जा कळतो त्याला पान्याचाही कळतो. शेवटी बोटच फिरवायचं असतं.

संकल्प : पंधरा दिवसांत तुलनात्मक अहवाल. आखीव तक्त्यांसह.

५ सप्टेंबर, मंगळवार

तक्ता आखला. रकाने चौदा. किंमत, वजन, पकड, चकाकी, डब्याचं झाकण नीट बसतं का, हातात घेतल्यावर वाटणारा आत्मविश्वास, वगैरे.

आपल्या मिस्त्रींचंही मत घ्यावं म्हटलं. एकतीस वर्षं इथे आहेत, मेहुण्यांच्या वडिलांच्या वेळेपासून. त्यांनी तिन्ही डब्यांतले सतरा नंबरचे पाने घेतले आणि एकेक नटावर बसवून पाहिला. म्हणाले, लालचं तोंड केसभर सैल आहे, नट गोल करील. निळा चांगला. काळाही चांगला, पण दांडा पातळ आहे, दिवसभर ओढला तर तळहात कापतो. आणि निळा काळ्यापेक्षा बराच स्वस्त, मग निळाच घ्या. एका मिनिटात मोकळे झाले.

मी त्यांना समजावलं की ही शास्त्रीय पद्धत नव्हे. त्यांच्या स्वतःच्या पान्यांवरची कंपनीची नावं झिजून गेलीत. कोणत्या कंपनीचे आहेत विचारलं, तर म्हणाले, वाचता येत होतं तेव्हा विचारायचं होतं.

त्यांच्या मतासाठी तक्त्यात रकाना नाही.

७ सप्टेंबर, गुरुवार

काळ्या डब्यासोबत एक टॉर्क रेंच आलाय. लांब दांड्याचा पाना. दांड्यावरचा आकडा फिरवून ठेवायचा, समजा नव्वदवर. मग नट आवळत जायचं. हवा तेवढा ताण आला की पाना ‘कट्’ वाजतो, म्हणजे थांबा. माणसाने विचार करायचा नाही. मला फार आवडला. कागदाच्या दुकानात असं काही असतं तर बरं झालं असतं.

फील्ड टेस्टसाठी तिन्ही सेट रविवारी घरी नेणार. मेहुणे म्हणाले, न्या की, तुम्हाला कोण विचारणार.

हे खरं आहे. गॅरेजात मला सगळे जावईबापू म्हणतात. स्टोअरच्या वहीत इतर सगळ्यांच्या सह्या लागतात, माझी लागत नाही.

१० सप्टेंबर, रविवार. दुपारी

फील्ड टेस्ट यशस्वी.

आमच्या फाटकाच्या बिजागरीचा नट चार वर्षं गंजून बसलाय. ही चार वर्षं सांगतेय, कोणाला तरी बोलवा. आज मी स्वतः. लाल डब्याचा पाना लावला, तो सटकला आणि नटाचा एक कोपरा गेला. निळ्या डब्याचा लावला. पाना टिकला, मी टिकलो नाही. मग टॉर्क रेंच आठवला. दांडा लांब, म्हणजे जोर जास्त, हे साधं विज्ञान आहे. उलटा फिरवला, नट हलेना. नळाचा जुना पाइप त्या दांड्यावर चढवला आणि पाइपवर जवळजवळ उभाच राहिलो. आतून काहीतरी कडाडलं. नट असेल असं वाटलं. नट त्यानंतर निघाला.

काळ्या डब्याला ताकदीत दहापैकी दहा. फाटक आता उघडतं. बंद होत नाही, पण तो वेगळा विषय.

११ सप्टेंबर, सोमवार. सकाळी

काळ्या डब्यात रेंचच्या खाली एक माहितीपत्रक होतं. आज सहज वाचलं.

एक, या रेंचने नट सैल करू नये. दोन, दांड्यावर पाइप चढवू नये. तीन, काम झाल्यावर आकडा खाली आणून ठेवावा.

अक्षर फारच बारीक आहे. कंपनीला काळजी असती तर मोठं छापलं असतं. सुबक छपाईच्या रकान्यात काळ्या डब्याचे दोन मार्क कापले.

रेंच पुसून डब्यात ठेवला. बाहेरून एक ओरखडा नाही. स्टोअरमधल्या बाकाच्या बोल्टवर आवळून पाहिला, कट् वाजला. जरा उशिरा वाजल्यासारखं वाटलं. पण कधी वाजायला हवा हे मला कुठे माहीत आहे? जीव भांड्यात पडला.

१३ सप्टेंबर, बुधवार

मेहुण्यांनी माझा कच्चा तक्ता बघितला. ‘दहापैकी दहा’ बघून खूश. लगेच हुकूम : आजपासून प्रत्येक गाडीच्या चाकाचे नट टॉर्क रेंचने, नव्वदवर. गिऱ्हाइकाला कट् ऐकू आला पाहिजे. मिस्त्री म्हणाले, एकतीस वर्षं हाताने आवळतोय, एक चाक कधी सुटलं नाही. मेहुणे म्हणाले, आता जमाना मोजून काम करायचा आहे.

मी बोलणार होतो. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात चहा आला.

उद्या सांगतो.

१४ सप्टेंबर, गुरुवार

सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही घडलेलं नाही. रेंच वाजतो, गाड्या जातात. उगाच कशाला.

१६ सप्टेंबर, शनिवार

एका गाडीचा स्टड तुटला. चाकाचा नट ज्यावर चढतो तो बोल्ट. मिस्त्री आवळत होते, कट् वाजायची वाट बघत होते, आणि स्टडच तुटला. मेहुणे म्हणाले, होतं कधीकधी. जुना असेल.

गाडी दोन वर्षांची होती. मी नोंद केली नाही.

१९ सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळी

आज आणखी दोन. गिऱ्हाइकासमोरच.

मेहुणे मिस्त्रींवर चिडले नाहीत, त्याहून वाईट बोलले. म्हणाले, मिस्त्री, वय झालं की हाताचा अंदाज जातो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मिस्त्री म्हणाले, हात थांबत होता, पण हा वाजेना म्हणून पुढे ओढलं. मेहुणे म्हणाले, मशिन खोटं बोलत नाही.

मग मिस्त्री स्टोअरच्या खिडकीशी आले. रेंच हातात होता. मला विचारलं, जावईबापू, हा बरोबर आहे ना?

मी म्हटलं, नवा कोरा आहे.

हे शब्दशः खरं आहे. गॅरेजात येऊन महिना झालेला नाही, म्हणजे नवा. बिल नाही, म्हणजे कोरा. मी खोटं बोललो असं कोणी म्हणू शकणार नाही. हे वाक्य मी आज बऱ्याचदा मनात म्हटलंय.

मिस्त्री म्हणाले, मग माझंच काहीतरी असेल.

२० सप्टेंबर, बुधवार

संकल्प : शुक्रवारी सांगणार. गुरुवारी मेहुण्यांचा मूड चांगला नसतो.

तोवर अहवाल आणखी काटेकोर करतो. रकाने आता एकोणीस. सत्य बाहेर यायचंच असेल तर ते तक्त्यातून आपोआप येईल. माणसाने कशाला मध्ये पडायचं?

२२ सप्टेंबर, शुक्रवार

सांगितलं नाही. त्याऐवजी मिस्त्रींना स्टोअरमधलं गादीचं स्टूल दिलं. चहा स्वतः नेऊन दिला. दुपारी त्यांच्या कामाची दोनदा तोंडभरून तारीफ केली.

मिस्त्री संध्याकाळी हळूच येऊन विचारतात, जावईबापू, तुम्ही एवढं गोड का बोलताय? मला काढणार आहेत का?

मी नाही नाही म्हटलं. इतक्यांदा म्हटलं की त्यांची खात्रीच पटली असावी.

२३ सप्टेंबर, शनिवार. रात्री

जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री स्टोअरमध्ये आले आणि हात पुढे केला. म्हणाले, जरा दाबून बघा. दाबला. मग त्यांनी माझा दाबला. अंगठी बोटात रुतली, डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, अहो मिस्त्री, तुमच्यात तर भरपूर जोर आहे.

ते म्हणाले, जोराचं कुठे म्हणतोय. किती लावला ते आता कळत नाही. घरी बाटलीचं झाकण लावतानासुद्धा वाटतं, जास्त तर झालं नाही ना. बायकोला विचारतो, बघ गं, घट्ट झालं का.

जेवण गेलं नाही. डबा परत नेला. हिने विचारलं, काय झालं. म्हटलं, भाजी जरा खारट होती. त्यावर हिने भाजी चाखली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. आता एका खोट्याची दोन झाली, आणि दुसरं भाजीवर ढकललं. मी कसला माणूस आहे हा विचार मनात आला. तो टिकू दिला नाही.

२५ सप्टेंबर, सोमवार

मेहुण्यांचा निर्णय : एक तारखेनंतर मिस्त्रींनी चाकाला हात लावायचा नाही. फक्त टायरमध्ये हवा भरायची. पगार तोच. मेहुण्यांना वाटतं आपण फार समजूतदार आहोत.

मिस्त्री आपल्या कामाच्या जागेवर गेले. त्यांची पान्यांची पेटी उघडी होती, ती बंद केली. बंद करून पुन्हा उघडली. झाकणाचा खटका नीट बसलाय का, ते बघत होते.

उद्या. उद्या नक्की. मेहुण्यांचा मूड काहीही असो.

२६ सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळी ६

सांगितलं!

केबिनमध्ये गेलो, दार लावलं आणि एका दमात बोललो. म्हटलं, स्टड तुटतायत त्यात मिस्त्रींचा दोष नाही, दोष माझा आहे.

मेहुण्यांनी खुर्ची मागे सरकवली. मग उठले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, जावईबापू, म्हाताऱ्याची अब्रू राखायला तुम्ही स्वतःवर घेताय. एवढं मोठं मन मी कोणाचं बघितलं नाही.

मी म्हटलं, तसं नाही, मी खरंच. ते म्हणाले, कळलं, कळलं. आणि फोन घेतला.

इथे मी फाटकाचं आणि पाइपचं सांगायला हवं होतं. पण त्यांचा फोन चालू होता. आणि खरं सांगायचं तर, खांद्यावर हात बरा वाटत होता.

तांत्रिकदृष्ट्या मी कबुली दिलेली आहे. ऐकणाऱ्याने कशी घेतली ही जबाबदारी माझी नाही.

२७ सप्टेंबर, बुधवार

मेहुण्यांनी हिला फोन करून सगळं सांगितलं. घरात माझं कौतुक चाललंय. सासूबाईंनीही फोनवर म्हटलं, जावई असावा तर असा. रात्रीपर्यंत मलाही ते थोडं पटू लागलं होतं.

२८ सप्टेंबर, गुरुवार

मिस्त्री स्टोअरमध्ये आले आणि माझे दोन्ही हात धरले. मालकांनी त्यांनाही सांगितलं. म्हणाले, माझी चूक तुम्ही अंगावर घेतलीत. सख्खा मुलगा करणार नाही एवढं केलंत. माझ्यासाठी मालकांपुढे खोटं नका बोलू.

डोळे भरून आले होते त्यांचे. मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांना वाटलं विनय.

मला लाज वाटते. हे वाक्य खोडून दुसरं काहीतरी लिहिणार होतो, पण दुसरं सुचत नाही.

२९ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी ३

शाळेची गाडी टो होऊन आली. सोमवारी इथूनच गेली होती. पुढच्या डाव्या चाकाचे पाचपैकी दोन स्टड तुटलेले, तिसरा लोंबत होता. मुलांना शाळेत सोडून रिकामी परतत होती. ड्रायव्हरबाईंना स्टिअरिंग थरथरल्यासारखं वाटलं म्हणून त्यांनी गाडी बाजूला घेतली. बाई भांडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, अर्ध्या तासापूर्वी आत अकरा जण होते.

मिस्त्री भिंतीला टेकून खाली बसले. म्हणाले, मी मारली असती सगळ्यांना. घरीच जातो आता.

माझी पाचावर धारण बसली होती, तरी पाय त्यांच्याकडे गेले. सगळ्यांसमोर, मेकॅनिक, ड्रायव्हरबाई, मेहुणे, सगळ्यांसमोर सांगितलं. फाटक, गंजलेला नट, उलटा फिरवलेला रेंच, पाइप, पाइपवर उभा राहिलो ते, कडाडलेला आवाज, माहितीपत्रक. नवा कोरा म्हणालो तेही. मेहुणे म्हणायला लागले, जावईबापू, पुन्हा तेच, तेव्हा मी त्यांच्यावर पहिल्यांदाच ओरडलो. म्हटलं, भाऊ, माझं मन मोठं नाही, ऐका.

मिस्त्रींनी एकच विचारलं. कधीपासून? मी म्हटलं, मोडला दहा तारखेला. तुम्ही वापरायला लागलात तेरापासून.

मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते उठले, खडू घेतला आणि भिंतीवर गाड्या लिहायला लागले. आठवून. तेरा तारखेपासून त्यांनी आवळलेली प्रत्येक गाडी. चौतीस. मग खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाले, फोन लावा. सगळ्यांना परत बोलवा.

३० सप्टेंबर, शनिवार

फोन. एकवीस जणांशी बोललो. कारण विचारलं की सांगतो, आमच्या स्टोअरकीपरने हत्यार मोडलं. एकाने विचारलं, मग त्याला काढलं का? मी म्हटलं, अजून नाही.

२ ऑक्टोबर, सोमवार

उरलेले तेरा. एक गाडी दुसऱ्या गावी गेलीय. तिच्या मालकाला फोनवरून सांगितलं, जवळच्या गॅरेजात दाखवा. त्याने शिव्या दिल्या. पूर्ण ऐकून घेतल्या.

मिस्त्री सकाळपासून चाकं उघडतायत. स्टड बदलतात आणि हाताने आवळतात. मेहुणे बाजूला उभे असतात.

३ ऑक्टोबर, मंगळवार

काळ्या डब्याच्या कंपनीचा माणूस तपासणीचं यंत्र घेऊन आला. रेंच नव्वदवर ठेवला, तर एकशे चौतीसला वाजला. त्याने रेंच उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, पाइप कोणी लावला होता? मी हात वर केला.

मग तो सहज म्हणाला, मिस्त्री, तुम्ही हाताने आवळा बघू, नव्वद म्हणून. यंत्राला साधा पाना लावून दिला. मिस्त्री तयार होईनात. मेहुण्यांनी विनंती केली तेव्हा त्यांनी पाना धरला. ओढला, थांबले. एक्क्याण्णव. पुन्हा केलं, एकोणनव्वद. तिसऱ्यांदा, नव्वद.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री आकड्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी तो पाना त्या माणसाला परत दिला आणि नळावर जाऊन हात धुतले. बराच वेळ धूत होते.

अहवालात आज नवीन रकाना आखला : भरवसा. कोणत्याही डब्यापुढे त्यात आकडा भरता येईना, कारण मी एकही हत्यार नीट तपासलेलं नव्हतं.

५ ऑक्टोबर, गुरुवार

शेवटची गाडी तपासून झाली. मिस्त्रींनी पेटी भरली. जुन्या बाजारामागे एक छोटं गॅरेज आहे, तिथे सोमवारपासून जाणार. मेहुण्यांनी फार अडवलं. पगार वाढवतो म्हणाले, माफी मागितली. मिस्त्री म्हणाले, मालक, राग नाही. पण तीन आठवडे इथे माझ्या हाताचं कोणी ऐकलं नाही. मीसुद्धा ऐकलं नाही. इथे पाना धरला की आता तेच आठवणार.

मी गॅरेजच्या फाटकापर्यंत पेटी उचलून नेली. पेटी अतिशय जड होती, त्यांनी ती एका हाताने रिक्षात ठेवली. मला म्हणाले, सांगितलंत ते बरं केलंत. पण मी विचारलं होतं, तेव्हा सांगायचं होतं.

मी हो म्हटलं.

७ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ११

मेहुण्यांना राजीनामा दिला. चांगल्या कागदावर, सुवाच्य अक्षरात. सोबत अहवाल : निळा डबा घ्यावा. पाच सप्टेंबरला मिस्त्रींनी एका मिनिटात सांगितलं होतं तेच, एवढंच लिहिलं. तक्ते फाडून टाकले.

मेहुण्यांनी राजीनामा वाचला, घडी केली आणि माझ्याच खिशात परत घातला. म्हणाले, घरच्या जावयाला कोण काढतं? बहिणीला काय तोंड दाखवू? झालं गेलं विसरा. मी म्हटलं, भाऊ, मला शिक्षा तरी करा. ते म्हणाले, काहीतरीच काय बोलताय.

मग त्यांनी दार उघडून बाहेर बघितलं. म्हणाले, स्टोअरमध्ये तुम्हाला अंधारात लिहावं लागतं. मिस्त्रींची जागा आता रिकामीच आहे. तुमचं टेबल तिथे टाका.

दोघा मेकॅनिकांनी टेबल उचलून तिथे ठेवलं. माझ्याशी कोणी बोललं नाही.

तिथेच बसून हे लिहितोय. उजेड खरंच चांगला आहे.